अम्माची पोन्नाडै

हे मी मराठीत लिहितोय, कारण आमच्या कॉलेजात कुणाला मराठी वाचता येत नाही. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारा घरात मी एकटाच. तमिळमध्ये लिहिलं असतं तर उद्या प्राचार्यांच्या टेबलावर गेलं असतं. म्हणजे राग लिहितानासुद्धा मी आडोसा शोधलाच. त्याचाही राग येतो.

गेल्या वार्षिक समारंभासाठी मुलांनी विनोदी नाटक बसवलं. मी शिकवतो वाणिज्य, पण तरुणपणी चार नाटकांत कामं केलेली, म्हणून जबाबदारी माझ्यावर. लिहिणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, रोज ओरत्तनाडूहून बसनं येणारी. आवाज बारीक, पण प्रमुख पाहुण्याची चाल करून दाखवायला लागली की आमची तालीम बंद पडायची. मीच हसून खुर्ची धरायचो.

नाटक होतं पोन्नाडैवर. महाराष्ट्रात शाल-श्रीफळ देतात, तशी आमच्याकडे जरीकाठाची ही शाल. ती कुणाच्या तरी खांद्यावर घातल्याशिवाय इथे साधं रक्तदानही पार पडत नाही. नाटकात पाहुण्याला इतक्या शाली घालतात की त्याचं भाषण सुरूच होत नाही. समोर बसलेले ओरडत राहतात, "अजून एक! अजून एक!" शेवटी पाहुणा ढिगाखाली दिसेनासा होतो, लोक त्याला विसरतात आणि सभागृहाला कुलूप लावून जातात. मग झाडूवाली येते, एक शाल स्वतःच्या खांद्यावर घेते आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण करते. तो शेवटचा प्रवेश. सगळं नाटक त्यासाठीच होतं.

तिनं आधी त्यात एक प्राध्यापकही घातला होता. शाली कमी पडल्या की तो प्राचार्यांच्या नजरेवर धावायचा आणि एकाच्या खांद्यावरची काढून दुसऱ्याला घालायचा. मी तो कापला.

"अगं, हे अति होतंय. इतकं कोण करतं?"

"करतात, सार."

"लोकांना पटायला हवं ना. विनोदातही माणूस खरा वाटला पाहिजे."

तिनं मान डोलावली आणि तो प्राध्यापक नाटकातून गेला.

नाटकातल्या बाकी शाली भाड्याच्या. सगळ्यात वरची मात्र खरी, तिच्या आईची. आई ओरत्तनाडूजवळच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधते. एकदा शाळेनं तिला ही पोन्नाडै घातली होती. तेव्हापासून ती लोखंडी कपाटात. मुलीनं न विचारता आणली होती. "अम्मा शनिवारी कपाट आवरते सार, त्याआधी ठेवून देईन."

समारंभाला प्रमुख पाहुणे होते एक गिरणीमालक, कॉलेजला देणगी देणारे. ते इतके उशिरा आले की मुलांनी नाटक सुरू केलं होतं. नाटकातला पाहुणा गळ्यापर्यंत शालींत बुडलाय आणि बाहेर खऱ्या पाहुण्यांच्या स्वागताचे फटाके वाजले. प्राचार्य थेट रंगमंचावर. "थांबवा. दोन मिनिटं फक्त."

मुलं कोपऱ्यात उभी राहिली. नाटक लिहिणारी ती मुलगीच पाहुण्याच्या वेषात होती. वेष्टी म्हणजे आमच्याकडचं पांढरं धोतर, काजळाची मिशी, खांद्यावर शालींचा डोंगर. मध्यभागी खऱ्या पाहुण्याला खऱ्या शाली घालणं सुरू झालं. व्यवस्थापन, माजी विद्यार्थी, कर्मचारी संघ. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एक!" आणि सभागृहात हशा फुटला. आणि मग शालींचं तबक रिकामं झालं. वसतिगृहाच्या समितीचे लोक अजून रांगेत होते.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी शर्ट खालून ओढून नीट केला. कोपऱ्यात गेलो आणि तिच्या खांद्यावरची सगळ्यात वरची शाल धरली.

"सार, ही अम्माची." तिनं टोक मुठीत पकडलं होतं.

मला ऐकू आलं होतं. "नंतर देतो," म्हणालो आणि ओढली.

लोक लोळले हसून. पाहुणेही हसले, त्यांना ते प्रेम वाटलं. त्यांनी लांबलचक भाषण केलं आणि ती शाल पांघरूनच, फटाक्यांच्या धुरातून, गाडीत बसले. शेवटचा प्रवेश झाला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "पाहुण्यांवर पोरं हसली ती तिच्या नाटकामुळे. तिला त्यांच्या घरी न्या, माफी मागू द्या. शालही तिथेच मागा." मी सांगायला हवं होतं की हसू माझ्यामुळे आलं. मी रिक्षा ठरवली.

पाहुणे झोपाळ्यावर होते. "अरे, मिशीवाला पाहुणा! माझी नक्कल करतेस?"

"तुमची नाही सार. सगळ्यांचीच."

"तोंड बघा! माफी माग, मग शाल तुझी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता तरी मी बोलेन असं तिला वाटलं असेल. मी म्हणालो, "माग, माग. काय होतंय त्यात?"

हे वाक्य मला जेवताना आठवतं.

तिनं माफी मागितली. त्यांच्या ड्रायव्हरनं शाल गाडीच्या मागच्या सीटवरून काढून आणली. धूळ बसू नये म्हणून अंथरली होती. तिनं ती झटकली नाही, तशीच घडी करून मांडीवर ठेवली. रिक्षा पुलापर्यंत आली. मग म्हणाली, "नाटक आम्ही पुन्हा करणार आहोत, शेवटच्या प्रवेशासकट. सोमवारी, कॅन्टीनच्या मागे. परवानगी मागणार नाही. या."

गेलो. दिवे नाहीत, पडदा नाही. शालींऐवजी वसतिगृहातल्या चादरी. आणि मी कापलेला प्राध्यापक परत आलेला. एका मुलानं माझ्यासारखा चौकड्यांचा शर्ट घातला होता. दर वेळी धावण्याआधी तो शर्ट खालून ओढून नीट करायचा. पाहुण्याची चादर काढली, ड्रायव्हरची काढली, भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोचा हारही काढला. शेवटी झाडूवाली बोलायला उभी राहिली तर हा तिथेही पोचला. तिनं टोक घट्ट धरलं. तो गोड आवाजात म्हणाला, "नंतर देतो."

सगळ्या नाटकात सर्वांत मोठा हशा त्याला. कुणालाही तो खोटा वाटला नाही. माझे कान तापले होते. उठून त्या मुलाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, खरंच वाटलं.

नंतर ती मिशी पुसत आली. शाल कपाटात पोचल्याचं तिनंच सांगितलं. "अम्माला फटाक्यांचा वास आला. मी सगळं सांगून टाकलं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"राग आला, सार?"

"आला."

"मग तो त्या दिवशी स्टेजवर का नाही आला?"

माझा हात शर्टाकडे गेला होता. मी तो तसाच खाली सोडला.