लिलीबाईचा मुक्काम अमेरिका

लिलीबाईच्या फोनवर तासन्‌तास व्हिडिओ कॉल चालू असायचा आणि दोन्हीकडून कोणी चकार शब्द काढायचं नाही. ती सकाळी ओट्याशी ओट्स शिजवत असायची, मिठाच्या बरणीला फोन टेकवलेला. पलीकडे फिलिपिन्समध्ये संध्याकाळ, आणि तिचा लेक जोएल कॉलेजच्या अभ्यासाला बसलेला. मधेच ही पळी न थांबवता म्हणायची, "ताठ बस." की तो ताठ! उमरोळीच्या शाळेत जन्म घालवलेली मी मास्तरीण, पण असला धाक मला समोर बसलेल्या पोरांवरही कधी जमला नाही.

नातू झाला म्हणून सहा महिने मी मुलाकडे अमेरिकेत होते. शेजारच्या घरात एक एकटे आजोबा, आणि त्यांना सांभाळायला ही. आमची ओळख कुंपणावर झाली. माझं इंग्रजी मोडकं, तिचं घाईचं, पण आमचं छान जमलं. तीही तिकडे शाळेत शिकवायची हे कळल्यावर मी तिला लिलीबाईच म्हणायला लागले. मास्तरकी सोडून म्हाताऱ्याची आंघोळ-पांघोळ का, असं मी तोंडावर विचारलं. मला आत एक बाहेर एक जमत नाही. ती हसली. "तिकडच्या पगारात आईचं औषध यायचं नाही. शाळेत चाळीस पोरं होती, इथे एकच आहे. पण हट्टी आहे."

तिच्या गावात म्हणे घरटी एक माणूस परदेशी. कुणी जहाजावर, कुणी इस्पितळात, कुणी परक्याची मुलं खेळवायला. सरकार त्यांना वीर म्हणतं, कारण घरं त्यांच्यावर चालतात आणि देशही. "फक्त वीरांनी आजारी पडायचं नसतं," ती म्हणायची. आणि खरंच, अंगात ताप असताना तिला आजोबांना उचलून खुर्चीत बसवताना मी पाहिलंय. मी रागावले तर म्हणाली, "मी झोपले तर तिकडे चूल झोपेल."

जोएलला चार वर्षांचा असताना आजीपाशी ठेवून ती निघाली होती. हे ऐकलं आणि मला माझे वर्ग आठवले. आमच्याकडे दिवाळी सरली की डोंगरावरची माणसं वीटभट्टीवर जातात, अन् शाळेतली बाकं ओस पडतात. एखादी आजी मात्र नातवाला धरून ठेवायची. "आईबाप भट्टीवर गेलं, बाई. पोर माज्याजवल हाय," असं दारातूनच सांगायची. मी हे लिलीबाईला सांगितलं, तर तिने आजीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, की पावसाआधी आईबाप परत यायचे ना? यायचे, म्हटलं.

तिचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. जोएलची एकवीस वर्षं भरायच्या आत अमेरिकेत राहायचे कागद झाले तर तो आईकडे येणार. नाही झाले, तर तो मुलांच्या रांगेतून मोठ्यांच्या रांगेत जाणार, आणि त्या रांगेत माणसं म्हातारी होतात. खोलीत तिने त्याच्यासाठी पलंग आधीच आणून ठेवला होता. स्वतः त्यावर एकदाही झोपली नाही.

मी बोईसरला परतले. सालवडच्या घरी एका संध्याकाळी तिचा फोन आला. कागद वेळेत झाले होते. मी देवापुढे साखर ठेवायला उठले, तर म्हणाली, "थांबा बाई. तो येत नाही म्हणतो."

जोएलच्या आजीला, म्हणजे लिलीबाईच्या आईला, आता कुणाची ओळख राहिली नव्हती. पण घास घ्यायची ती फक्त जोएलच्या हातून.

मी भडकलेच. इतकी वर्षं हाडाची काडं केलीस ती कशासाठी? आई आहेस, दम दे त्याला!

"तो लहान होता तेव्हा त्याला तिने भरवलं," ती शांतपणे म्हणाली. "आता तो तिला भरवतो. मी कोणत्या तोंडाने मधे येऊ?" मग म्हणाली, "पण एक सांगा बाई. मी तर त्याच्याजवळ नव्हते. मग हे त्याला कोणी शिकवलं?"

मला उत्तर ठाऊक होतं; मिठाच्या बरणीला टेकवलेला, तासन्‌तास चालू असलेला तो फोन मला आठवला. पण तिच्या मागे आजोबा न्याहारीसाठी हाका मारायला लागले होते, आणि ती "आले, आले" म्हणत निघालीसुद्धा.