बेलपाड्याच्या गाडीतली चिप

यूनुस मस्कतहून परत आला तो एक लॅपटॉप आणि बारा वर्षांचा तजुर्बा घेऊन. खांदा कॉलनीत गाळा घेतला, वर पाटी लावली: 'इंजिनाला चिप बसवून मिळेल'. सहा महिने लोक पाटी वाचत, हसत आणि हॉर्न दुरुस्त करून घेऊन जात. गाडीला लॅपटॉप लावणारा मिस्त्री म्हणजे पंचांग बघणारा डॉक्टर, अशी आमच्याकडची समजूत. ईदपर्यंत एकाही गाडीत चिप टिकली नाय तर परत मस्कत, असं बायको कुबराशी त्याचं ठरलं होतं. त्याला जायचं नव्हतं. धाकटी तूबा आत्ता कुठं त्याला अब्बा म्हणायला लागली होती.

दोन हजार अकरा साली चिपेचं पहिलं गिऱ्हाईक आलं ते आमच्या बेलपाड्याचे बळीरामदादा. दाराशी नवी डिझेल गाडी, पण जन्म बैलांत गेलेला. आत शिरले आणि बसायच्या आधी सवाल टाकला.

"यूनुसभाय, चिप घातली की गाडी पलते म्हनतात. मंग ती ताकद येते कठून? चिपेत भरलेली असते?"

"नाही दादा. ताकद इंजिनातच आहे. कंपनीने आवरून धरलीय."

"गाडी पुरी इकली न ताकद आवरून धरलीन? का म्हून?"

असं विचारणारा माणूस यूनुसला सहा महिन्यांत भेटला नव्हता. त्यानं बॉनेट उघडलं, साबणाच्या डबीएवढी काळी डबी दाखवली, हीच चिप म्हणाला. इंजिनाला कॉम्प्युटर असतो. डिझेलचा दाब किती, ते एका तारेतून त्याला कळतं. ही डबी त्या तारेत मधे बसते आणि दाब आहे त्याहून कमी सांगते. कॉम्प्युटर दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडी जोर करते.

"म्हंजे तू त्या कॉम्प्युटरशी खोटा बोलतस?"

"थोडंसं."

"न त्याला कलत नाय?"

"फार बोललं की कळतं. मग लाल दिवा लावतो."

दादा बॉनेटला धरून हसले. "बसव. माज्या बायकोपरीस भोला हाय तो!"

डबी बसली. दोघं तळोज्यापर्यंत जाऊन आले. गाडी अशी सुटली की दादांनी येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरला.

पण रिकाम्या गाडीला पळालेल्या बैलाला आमच्याकडे कोणी चांगला म्हणत नाय. त्याला भरल्या गाडीला जुंपायचा, चढ चढवायचा, मग बोलायचं. दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा माणसं कोंबली, मागं तांदळाच्या दोन गोणी टाकल्या आणि खारघरच्या डोंगराचा रस्ता धरला. निम्म्या चढावर इंजिन बोंबललं, गाडी मात्र जागची हलेना. जळका वास सुटला. सगळे उतरले.

दादांचा मेव्हणा कमळाकर म्हणाला, "दाजी, बैल पलाला न गाडी रायली!"

फोन गेला, यूनुस स्कूटरवरून आला. तोवर अर्धं बेलपाडं चढावर जमलं होतं. यूनुसनं वाकून वास घेतला. कंपनीचा क्लचच कच्चा होता म्हणाला असता तरी खपलं असतं. तिथं कोणाला काय कळत होतं? पण तो उठून म्हणाला, "क्लच जळलाय. गलती माझी. इंजिनाचा जोर वाढवला, तो क्लचला झेपेल का ते बघितलं नाही. मस्कतला एका गाडीत एकच माणूस बसतो, दादा. तुमच्या गाडीत किती बसतात, हे मी विचारलंच नाही."

"बारा," दादा म्हणाले. "हलदीला जाताना चौदा."

"ती डबी काडून दे फेकून," कमळाकर म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. यूनुसनं बॉनेटला हात घातला.

"गप रं," दादा मेव्हण्याला म्हणाले आणि यूनुसकडे वळले. "मना आदी सांग. क्लचला सोसनार नाय, म्हून कंपनीनी ताकद आवरून धरलीवती?"

"तेही एक कारण."

"मंग कंपनी येडी नाय." पहिल्या दिवशीच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याचंच त्यांना समाधान झालेलं दिसलं.

नवा क्लच बसला. चौथ्या दिवशी दादा गाळ्यासमोर येऊन थांबले, तीच अकरा माणसं घेऊन. "डबी रावदे. खोटा कमी बोल. न आता तू पन बस."

यूनुस मागं कमळाकर आणि टेम्पोवाला काशिराम यांच्या मधे शिरला. लॅपटॉप उघडायला जागा नव्हती, तो काशिरामच्या मांडीवर ठेवला. पहिल्या खेपेला वास आला, यूनुसनं जोर उतरवला. दुसऱ्या खेपेला थोडा कमी आला. तिसऱ्या खेपेला गाडी तेरा माणसं घेऊन वर गेली, वास नाय, लाल दिवा नाय. डबी बसवण्याआधीपेक्षा जोर वाढला होता तो थोडाच, पण दादांच्या पायाला तो कळत होता.

वर सगळे पाय मोकळे करायला उतरले. काशिराम रेंगाळला, लॅपटॉप हातातच.

"माज्या टेम्पोला बसंल का रं ही?"

"बसेल. माणसं किती बसतात?"

"मानसं नाय, कोंबड्या."

यूनुसनं खिशातून पेन काढलं. "किती?"