कोपऱ्यातला पिवळा

दर शुक्रवारी संध्याकाळी बर्निस कॅट्झमन जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या फिरवून ठेवायची. चित्रकार व्हिन्स टोरेलो जेवायला यायचा, आणि त्याची पाठ निळ्या चित्राकडेच असायला हवी, असा तिचा आटापिटा.

बर्निस ब्रुकलिनच्या एका शाळेत टायपिंग शिकवायची. नवरा सॉल बुटांच्या दुकानात. शेजारपाजारचे सोफे घेत, टीव्ही घेत. ही चित्रं घेई. पलंगाखालीसुद्धा चित्रंच. पण जीव अडकला होता तो व्हिन्सच्या निळ्या चित्रात. सगळा निळा रंग आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर पिवळा. शाळेतून आली की अंगातला कोट न काढता ती आधी त्याच्यासमोर उभी राही.

व्हिन्सची खोड सगळ्यांना ठाऊक होती. विकलेलं चित्र प्रदर्शनाला म्हणून मागून न्यायचं आणि त्यावर रंग चढवून भलतंच करून आणायचं. एका दंतवैद्याचं लालभडक चित्र असंच राखाडी होऊन घरी आलं होतं.

त्या शुक्रवारी सॉलनं घात केला. "व्हिन्स, मागच्या फळीवरचं मीठ दे रे जरा."

व्हिन्स वळला आणि तसाच राहिला.

"तो पिवळा चुकलाय."

"जेव आधी. गार होतंय."

"दोन मिनिटांचं काम आहे, बर्निस."

"दंतवैद्यालाही हेच सांगितलं होतंस."

"करू दे की," सॉल पाव मोडत म्हणाला. "बोटभर तर आहे."

"तू विकलेल्या बुटांच्या टाचा बदलायला लोकांच्या घरी जातोस का?"

व्हिन्सनं खिशातून रंगाची नळी काढली. म्हणजे मेला तयारीनंच आला होता. बर्निस ताडकन उठून चित्राला पाठ लावून उभी राहिली.

"सरक. नुसतं बघू दे."

ती सरकली, पण त्याची बाही घट्ट धरून. तो बराच वेळ बघत राहिला. मग नळी खिशात टाकून खुर्चीवर येऊन बसला.

"राहू दे."

"म्हणजे? बरोबर आहे ना?"

"राहू दे म्हटलं ना. मीठ घे, सॉल."

आठवडाभर बर्निस शाळेतून आली की कोटासकट उभी राही. पण निळा तिला दिसेचना. नजर आपली कोपऱ्यात. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, दिवा हलवून पाहिला.

पुढच्या शुक्रवारी तिनं व्हिन्सची खुर्ची चित्राच्या अगदी समोर मांडली. तो मान खाली घालून जेवत राहिला.