लॅमिनेट केलेला बाप

“ए, ही मुलगी कोणाची?”

शिवाजी पार्कात फिरायला आलेला एक म्हातारा. पांढरेशुभ्र बूट, हातात काठी. काठीचं टोक माझ्या छातीला लावून विचारलं. मी मातीत बसलेलो. माझी नऊ वर्षांची लेक, बाय, माझ्या मिठीत किंचाळत होती. शेजारी कोणीतरी जोरात शिट्टी मारली होती. बायला ऑटिझम आहे. मोठा आवाज झाला की ती सैरभैर होते, स्वतःच्याच कानफटात मारून घेते. अशा वेळी तिला घट्ट धरायचं, थेरपीच्या मॅडमनीच शिकवलंय. पण बघणाऱ्याला काय दिसतं? काळा, रबरी चपला घातलेला माणूस आणि त्याच्या हातातून सुटायला धडपडणारी गोरी पोरगी.

“माझीच आहे, साहेब.”

“तुझी? वाटत नाही.”

वाटत नाही! तिच्या आईचा रंग घेतला, हा माझा गुन्हा.

बायको हॉस्पिटलात नर्स. तिची ड्युटी सुटत नाही, म्हणून मी कुरियरची नोकरी सोडली. बायला मी सांभाळतो. लालबागहून दादरला थेरपीला मीच नेतो. त्याआधी दोनदा लोकांनी अडवलं होतं, तेव्हापासून बायचा जन्मदाखला लॅमिनेट करून खिशात ठेवायचो. रुमाल ठेवतात तसा.

म्हाताऱ्याने चष्मा लावून दाखला मोठ्याने वाचला. बघ्यांना ऐकू जाईल असा. मग माझं आधार कार्ड मागितलं. मग, “आईला फोन लाव. स्पीकरवर.” लावला. वॉर्डातून ती ओरडली, “अहो, बाप आहे तो तिचा!” तेव्हा कुठे काठी खाली आली.

आणि मी काय केलं? “थँक्यू साहेब” म्हणालो. थँक्यू! आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बसमध्ये कोणी मोबाईल वर केला की वाटायचं, आमचा व्हिडिओ काढतोय. थेरपीच्या बाहेर आया बसायच्या. मी आलो की बाकावरच्या पर्सा मांडीवर जायच्या. की मलाच तसं दिसायचं? देव जाणे. कोणी नुसतं “काय, कसं काय?” विचारलं तरी माझा हात खिशाकडे जायचा.

बाय बघत होती. ती बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं तिला कळत नाही. लाज वाटते सांगायला, मलाही तसंच वाटायचं.

गेल्या महिन्यात थेरपीच्या बिल्डिंगला नवीन वॉचमन आला. “किधर जाना है? बच्ची कौन है?” मी तोंड उघडायच्या आत बायने माझ्या खिशात हात घातला, दाखला काढला आणि त्याच्यापुढे धरला. दोन्ही हातांनी, नीट सरळ.

तिला दात घासायला शिकवताना दीड वर्ष गेलं माझं. आणि हे ती न शिकवता शिकली. बापाबरोबर चालायचं तर कागद दाखवावा लागतो, हे.

मी तिच्या हातातून दाखला काढून घेतला.

“दिखाओ ना,” वॉचमन बोलला.

“नहीं दिखाऊंगा. बाप हूँ इसका. पुलिस बुलानी है तो बुला.”

जिन्यावरून एक आई मुलाचा हात धरून उतरत होती. मी तिच्याकडे बोट केलं. “इनका कागज देखा कभी?”

मी बायचा हात धरला आणि वर गेलो.

दाखला आता घरी कपाटात आहे. शाळेला लागला तर काढीन. रस्त्यात नाही. पार्कात आम्ही आजही जातो. तो म्हातारा चालतो, त्याच वाटेवर. बायला त्रास झाला की मी तिथेच मातीत बसतो, तिला घट्ट धरतो. कोणी जवळ आलं तर मान वर करून मीच आधी विचारतो, “तुम्ही कोण?”