मालकाची जोखीम

ज्या दिवशी मी दौंड स्टेशनवर आमच्या कुत्र्याची किंमत सांगितली नाही, त्या दिवशी तो मेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इंदूलाही नाही — आणि सांगायचं होतं ते तिलाच. माझी बायको. ती या हिवाळ्यात गेली. आता सांगतोय, तर यात धैर्य ते काय उरलं?

निमित्त झालं शाळेत. मधल्या सुट्टीत कुणीतरी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं, की विलायतेत कुत्र्यांचासुद्धा विमा उतरवतात. हशा पिकला. मग आमचे गणिताचे मास्तर खडू घेऊन हिशोबाला बसले — दरसालचा हप्ता इतका, कुत्र्याचं आयुष्य तितकं, परवडतं का? माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला की राव, तुम्ही पाळला होता." मी वही उचलून वर्गावर निघून गेलो. तास सुरू व्हायला अजून वेळ होता.

परवडतं का! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कारण मीही तेच विचारलं होतं. तिला.

आमच्या कुत्र्याचं नाव मामलेदार. शिरूरच्या भाड्याच्या घरापुढच्या ओट्यावर तो असा पाय पसरून बसे, की येणाऱ्याजाणाऱ्याने अर्ज द्यावा. नाव इंदूनेच ठेवलं. जात गावठी, रंग मातीचा, एक कान दुमडलेला. आम्हाला मूल नव्हतं म्हणून ती त्याच्यावर माया करते, असं लोक म्हणत. लोकांना काहीतरी म्हणायचंच असतं. तिला तो आवडायचा, एवढंच.

त्या वर्षी मे महिन्यात तिची आई सोलापूरला पाय मोडून पडली. इंदू पुढे गेली. पेपर तपासून झाले की मी कुत्र्याला घेऊन मागून जायचं ठरलं. निघताना तिने एकच गोष्ट बजावली. कुत्रा रेल्वेने न्यायचा तर तो गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून जातो. नुसतं भाडं भरलं तर मालकाच्या जोखमीवर. त्याची किंमत लिहून देऊन वर जादा आकार भरला, तर जोखीम रेल्वेची. दौंडच्या फलकावर तिने हे वाचून ठेवलं होतं. "शंभर रुपये किंमत लिहा," म्हणाली, आणि जादा पैसे वेगळे माझ्या हातावर ठेवले.

मी वाद घातला. म्हटलं, मेला तर रेल्वे पैसे देईल, कुत्रा थोडाच देणार? मग भरायचे कशाला?

"अहो, परत मिळावेत म्हणून नाही भरायचे," ती म्हणाली. "ज्या सामानाच्या डागावर जास्त पैसे भरलेत, तो डाग हमाल आपटत नाही. म्हणून भरायचे."

मी नुसता हसलो.

एसटीत कुत्रा घेत नाहीत, तेव्हा आम्ही गुळाच्या ट्रकमधून दौंडला गेलो. ड्रायव्हर वाटभर विचारत होता, "मास्तर, मामलेदारसायेब आज फिरतीवर व्हय?" मला त्या नावाचीही लाज वाटू लागली होती.

पार्सलच्या खिडकीवर शेखबाबू होते. वयस्कर, डोळ्यांवर जाड चष्मा. माझ्यामागे पाचसहाजणांची रांग. त्यांनी विचारलं, "मास्तर, किंमत काय लावू?"

पैसे खिशात. शब्द पढवलेला. तोंड उघडायचं आणि शंभर म्हणायचं, यात अवघड काय होतं? तेवढ्यात मागचा एक फेटेवाला म्हणाला, "कुत्र्याचा इमा उतरवत्यात जनू! आवं मास्तर, आधी मास्तरीणबाईंचा उतरवा की!" त्याच्यामागचा म्हणाला, "आन् ह्ये मेलं तर रेल्वे त्याचं तेरावं घालनार हाय का?" रांग हसली. मीही हसलो — त्यांच्या बाजूने, आमच्या कुत्र्याला, आणि खरं म्हणजे तिला. आणि म्हणालो, "गावठी आहे हो. किंमत कसली? मालकाची जोखीम लिहा."

शेखबाबू हसले नाहीत. "लिवतो. पन मग पान्याचं तुमच्याकडं, मास्तर. मोठ्या ठेसनावर उतरून बघत जावा. पेटी लोखंडी हाय, आन् ऊन लई."

"हो, हो," मी म्हणालो.

वाचलेल्या पैशांत मी फलाटावरच्या दुकानातून एक पुस्तक घेतलं. कोणतं ते सांगत नाही. चांगलं होतं — त्याचाच तर जास्त संताप येतो. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. भिगवण आलं, उतरलो तर जागा जाईल, असं वाटलं. जेऊर आलं, प्रकरण संपत आलं होतं. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. माणसं उतरली, चहा प्याली, नळावर तोंडं धुऊन आली. मी पान उलटलं.

विसरलो होतो का? हेच तर सांगायचं आहे. विसरलो असतो तर ती चूक झाली असती, माणसाची होते तशी. मला आठवत होतं. कुर्डुवाडीला मी डोकं बाहेर काढून गार्डाच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा. फलाटावर ऊन होतं. डबा लांब होता. मी डोकं आत घेतलं.

सोलापूरला पेटी उघडली तेव्हा तो एका कुशीवर होता. तोंडाशी जाळीला दातांचे ओरखडे.

इंदू फलाटावर आली होती. ती त्याच्यापाशी बसली, कान सरळ केला. मग वर पाहून विचारलं, "जादा आकार भरला होता ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. पण असा शब्द एकटा थोडाच राहतो? ती म्हणाली, मग भरपाई मागू, अर्ज करू. आता काय करायचं? मी आवाज चढवून म्हणालो, "पैशासाठी पाळला होता का आपण त्याला? मला नको त्यांचा एक पैसा!" आणि वैताग असा, की तिला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. पुढे कितीतरी वर्षं ती शेजारणींना सांगत असे, "आमच्या ह्यांनी एक पैसा मागितला नाही हो." मी आतल्या खोलीत ऐकत बसे.

सुट्टी संपून परतताना दौंडला उतरलो. मी थेट शिरूरच्या एसटीकडे निघालो होतो. ती वळली ती पार्सलच्या खिडकीकडे. "जोखमीचे पैसे घेतलेत ना आमच्याकडून? मग पाणी का पाजलं नाहीत त्याला? खाल्लेत काय ते पैसे?" आवाज मोठा होता. हमाल जमले. कुणीतरी म्हणालं, "बाबू, बाई काय म्हंत्यात त्ये ऐका जरा!"

शेखबाबूंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. ते ओळखतील का, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी ओळखलं होतं. एक वाक्य पुरलं असतं त्यांना. मलाही. मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बाई, दिवस उन्हाचं व्हतं," ते म्हणाले. "चुकलं आसंल आमचं. माफ करा." आणि मला म्हणाले, "मास्तर, निघा. तुमची गाडी सुटंल."

त्यानंतर आम्ही कुत्रा पाळला नाही. कुणी पिल्लू देऊ केलं की ती म्हणे, "पैसे भरूनही कुणी जोखीम घेत नाही, मग आणायचं कशाला?" माझं खोटं तिचं मत होऊन बसलं. ती ते शहाणपण म्हणून दुसऱ्यांनाही सांगे. आणि मी काय करावं? मी चिडायचो. तिच्यावर! "किती वर्षं तेच ते? पुरे कर आता." ती विषय बदलायची. तिला वाटायचं, मला त्याची आठवण सहन होत नाही.

शेवटच्या आजारात तिच्याजवळ बसायला मला भरपूर वेळ होता. तिला वाचून दाखवावं लागे, तिला आवडायचं. दोन पानांच्या मध्ये थांबून सांगता आलं असतं. एकदा थांबलोही. तिने डोळे उघडून विचारलं, "काय हो, चष्मा हवा का?" मी म्हणालो, "नाही," आणि पुढे वाचू लागलो.

शेखबाबूंची दौंडहून केव्हाच बदली झाली. कुठे, हे मी विचारलं नाही. इंदू गेली तेव्हा तिच्या लेखी शेखबाबू पैसे खाणारे होते, आणि मी एक पैसाही न मागणारा. ते आता तसंच राहिलं आहे.