वरच्या तळ्याची चाल

बेडकांचं वय मावशींपासून लपत नसे. प्रयोगशाळेतलं त्यांचं कामच ते. बेडकाच्या बोटाचं टोक यंत्रावर केसाहून पातळ कापायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हाडातल्या रेघा मोजायच्या. थंडीत बेडूक झोपतो, वाढ थांबते आणि हाडात एक रेघ उमटते. दर वर्षाला एक. गावालगतच्या तळ्यातले बेडूक भराभर मोठे होत आणि पाच-सहा रेघांत आटोपत. डोंगरावरच्या तळ्यातले जास्त झोपत, रडतखडत वाढत, पण अंगानं थोराड होत आणि बारा रेघा सहज गाठत. मावशी स्वतः डोंगरावरच्या, त्यामुळे तिथले बेडूक माहेरचेच असल्यासारखं त्या मिरवत. नवरा खालचा. जेवताना त्यानं घाई केली की म्हणत, "हळू खा, गावतळ्याच्या चालीनं जाल."

स्वतःचं वय मात्र त्यांच्यावर उलटलं. शाळेत लवकर घ्यावं म्हणून वडिलांनी दोन वर्षं वाढवून सांगितली होती आणि आता निवृत्तीचं पत्र दोन वर्षं आधीच आलं. मावशी तडक हेडक्लार्ककडे गेल्या.

"दोन वर्षं जास्त लागलीत माझी."

"पुरावा?"

मावशींनी करंगळी टेबलावर ठेवली. "कापा आणि मोजा."

हेडक्लार्कनं खुर्चीच मागे घेतली. "अहो, माणसांचं असं नाही मोजत!"

"मग डोंगराची सूट द्या. आमच्याकडे म्हातारपण उशिरा येतं."

"ते बेडकांचं, मावशी."

पगाराचं त्यांना काही नव्हतं, मुलं कमावती होती. पण वरच्या तळ्याची दोनशे बोटं अजून बाटल्यांत पडून होती आणि ती परक्या हातानं फाटणार होती. यंत्राआड जाऊन त्या चक्क रडल्या, मग डोळे पुसले आणि त्याच हातानं पातंही पुसलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना आणि हेडक्लार्कला समोर बसवलं.

"नवा माणूस तयार होईपर्यंत निवृत्त माणसाला शिकवायला ठेवता येतं. नियमातच आहे," मॅडम म्हणाल्या.

"पण किती दिवस?" हेडक्लार्कनं विचारलं.

"शिकवणं पुरं होईपर्यंत."

मावशींनी पदर सावरला आणि अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, गावतळ्याच्या चालीनं शिकवू, का वरच्या?"

मॅडमनी हेडक्लार्ककडे पाहिलंसुद्धा नाही.

"वरच्या."