सात आणि हात

विज्ञानाच्या सरांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक गेली, मग शेवटच्या बाकावरची मुलं गेली, मग समोरच्याचे शब्द अर्धेमुर्धे यायला लागले. बायको जाऊन सात वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. दोन खोल्यांच्या त्या घरात बोलणारंच कोणी नव्हतं, त्यामुळे कान चाललेत हे घरात कळलंच नाही. शाळेत मात्र ते रोज कळत होतं, आणि दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नाही असं सरांनी ठरवून टाकलं होतं.

पूर्वी हे सर एका तासात तीस-चाळीस प्रश्न विचारायचे. पण प्रश्न विचारायचा म्हणजे उत्तर ऐकणं आलं. म्हणून त्यांनी प्रश्नच बंद केले. फळा भरून लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, मुलं दप्तरं आवरायला लागली की घंटा झाली असं समजायचं. शिक्षकांच्या खोलीत कोणी काही बोललं की मान हलवून "बरं, बरं" म्हणायचं. मुलांनी त्यांचं नाव 'बरंबरं सर' पाडलं होतं. एक सर सोडले तर सगळ्या शाळेला हे नाव ठाऊक होतं.

त्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी एक नवीनच टूम काढली. सातवीला शिकवणाऱ्यांनी दर बुधवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसायचं आणि मिळून एक धडा बांधायचा. एकाने तो शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांकडे बघायचं: कोण रमलंय, कोण जांभया देतंय. मग परत बसून तो सुधारायचा. विज्ञानाचे सर, भाषेच्या बाई आणि चित्रकलेचे सर, असे तिघे एका टेबलाशी आले. बाई भरभर बोलणाऱ्या, चित्रकलेच्या सरांना तोंडावर हात ठेवून बोलायची सवय. पहिल्या बुधवारी तासभर त्या दोघांचं खूप काही चाललं होतं. विज्ञानाचे सर पाच-सहा वेळा "बरं, बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. पहिला धडा 'ध्वनी'. शिकवणार विज्ञानाचे सर. आणि खाली ठळक अक्षरात: सगळा धडा मुलांना प्रश्न विचारत न्यायचा.

सर मुख्याध्यापिकांकडे गेले, तब्येत बरी नाही, दुसऱ्या कोणाला तरी सांगा, म्हणाले आणि काढता पाय घेतला.

परत येताना शिक्षकांच्या खोलीच्या काचेच्या दारापाशी ते थांबले. आत बाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, पण बोलत होत्या चित्रकलेच्या सरांशी. एवढ्या दिवसांत ओठ वाचायला सर आपोआप शिकले होते. बाई म्हणत होत्या, "कागद वाचून सर तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना आपल्यात यायचंच नाही. आपण त्यांच्या बरोबरीचे नाही ना."

सर दार ढकलून आत गेले. "तसं नाही, बाई," ते म्हणाले. पुढचं वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला. "मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

मग चित्रकलेच्या सरांनी विचारलं, आणि बाईंनी त्यांचा तोंडावरचा हात बाजूला केला म्हणून ते समजलं: "म्हणजे काल तुम्ही मान हलवत होतात ते?"

"काय ठरलं ते मला आज कळलं."

चित्रकलेचे सर हसले, सरही हसले. बाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या बरोबर समोर बसल्या.

"अजिबातच येत नाही?"

"जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत. 'सात' म्हणा नाहीतर 'हात' म्हणा, मला एकच."

"म्हणजे स गळतो. आणि श?"

"श गेला, फ गेला."

"आणि म, न?"

"ते येतात."

बाईंनी टेबलावरचा धड्याचा कागद पुढे ओढला. "मग हेच शिकवू या का?"

"माझी फजिती वर्गात मांडायची?"

"नको असेल तर राहू दे. मी आग्रह करणार नाही."

सरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "व्याख्या मात्र शेवटी सांगायची. आधी सांगितली की मुलं झोपतात." मग तिघांची चांगलीच जुंपली. फळ्यावर काय, हातात काय, कोण कुठे उभं राहणार, इथपर्यंत वाद झाला. चित्रकलेच्या सरांनी एका डब्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवलं, वर मीठ पसरलं आणि रबराजवळ तोंड नेऊन 'म' म्हणून मीठ नाचवून दाखवलं. सर कितीतरी दिवसांनी शाळा सुटल्यावर दोन तास थांबले होते.

धड्याच्या दिवशी सर मुलांकडे पाठ करून फळ्यासमोर उभे राहिले. एकेक मूल शब्द म्हणायचं, सर ऐकू आला तसा फळ्यावर लिहायचे. 'सात'चं 'हात' झालं, 'शाल'चं 'हाल' झालं. 'मान' बरोबर आला. वर्ग आधी हसला, मग हसणं थांबवून मुलं वह्यांत चुका मोजायला लागली. एकाने ओरडून पाहिलं, तरी 'स' पोहोचला नाही. मग का नाही पोहोचत, हे शोधायला डबे फिरले: 'म'ला मीठ नाचलं, 'स'ला जागचं हललं नाही. उत्तर द्यायला प्रत्येक मूल सरांसमोर येऊन, त्यांच्याकडे बघून बोलत होतं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, आमचा दंगा ऐकू येतो का तुम्हाला?"

"दंगा जाड असतो. तो येतो."

पुढे तो धडा दोनदा सुधारला आणि शेजारच्या वर्गांतही गेला. सरांनी कानात यंत्र बसवून घेतलं. त्याने शब्दांपेक्षा खुर्च्यांची खरखरच जास्त यायची. बुधवारी टेबलाशी सगळे त्यांच्याकडे तोंड करून बोलायचे, एका वेळी एकच. मुलीचा फोन आला की मात्र सर अजूनही दोन मिनिटांत आवरतं घ्यायचे. तिला सांगायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

मधल्या सुट्टीतला चहा पहिल्यासारखाच होता. कोणीतरी काहीतरी म्हणायचं, सगळे एकदम हसायचे, बाईसुद्धा, आणि सरांच्या बाजूला वळून सांगायचं राहून जायचं. त्यात कोणाचा दोष नव्हता. हसताना कोण लक्षात ठेवणार? सर कप विसळून जागेवर ठेवायचे आणि रिकाम्या वर्गात जाऊन पुढच्या बुधवारचा कागद काढायचे. त्यावर बाईंच्या अक्षरात पाच-सहा प्रश्न लिहिलेले असायचे. त्या प्रश्नांपुढे सर आपली उत्तरं लिहीत बसायचे.